नोंद ४ : निघायला पाच दिवस, दुसरी बॅटरी अजून उपाशी

गाडीनं तंबू घेऊन फिरायला निघायचा मार्ग ठरला तोच: यवतमाळ, कारंजा, मेहकर, लोणार; तिथून अकोला, अकोट, परतवाडा करत चिखलदरा. सात दिवस, माणसं पाच, त्यांत एक आजी आणि दोन लेकरं. तंबू, अंथरुणं, गॅस झालं. अडलं आहे ते विजेपाशी.

रात्रीचा खर्च असा: ५ वॅटच्या दोन एलईडी पट्ट्या पाच तास म्हणजे ५० वॅट-तास, १५ वॅटचा पंखा आठ तास म्हणजे १२०, मोबाइलचे ७५. एकूण २४५. गाडीत मागे ठेवलेली दुसरी बॅटरी १२ व्होल्ट ४२ ॲम्पिअर-तासाची, साधी लेड-ॲसिड. कागदावर ५०४ वॅट-तास, पण ही जात रोज निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते. म्हणजे हाती २५२. भागतं, पण सकाळी गाडी चालताना ती भरली तरच.

आणि ती भरत नव्हती. इंजिन चालू असताना पुढच्या, म्हणजे गाडीच्या मूळ बॅटरीवर १४.२ व्होल्ट, मागच्या टोकाला १३.०. अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून बॅटरी भरणाऱ्या यंत्राचा) दोष नाही, वायरचा आहे. घरच्या फिटिंगची १.५ चौरस मिमी वायर ओढली होती. जाऊन-येऊन १० मीटर लांबी, १० ॲम्पिअर करंट, म्हणजे जवळपास १.२ व्होल्ट वायरच खाते. तेवढीच ४ चौरस मिमीची तांब्याची वायर ०.४३ व्होल्ट खाते. ती आणली आहे. फ्यूज २० ॲम्पिअरचा, पुढच्या बॅटरीपासून वीतभर अंतरावर. मागे लावला तर मधली सगळी वायर उघड्यावर राहते. रिले, म्हणजे दोन बॅटऱ्या जोडणारा-तोडणारा स्विच, इग्निशनवर (गाडीच्या चावीवर) घ्यायचा, नाहीतर रात्री पंखा स्टार्टरची बॅटरीही पिऊन टाकतो.

तंबूच्या खुंट्यांबद्दल. सोबत येणाऱ्या बारीक तारेच्या खुंट्या आपल्या काळ्या मातीत बिनकामाच्या. हिवाळ्यात वावराला भेगा पडतात, खुंटी भेगेत गेली की हातानं निघते. १० मिमीची सळई, फूटभर लांब, वरून वाकवलेली, तंबूपासून बाहेर झुकवून ठोकायची. तरीही हलली तर खताच्या रिकाम्या पोत्यात माती भरायची, पोतं हातभर खोल पुरून दोरी त्याला बांधायची. मुरमात उलट: सळईच लागते, अन् घणही.

खालची ताडपत्री तंबूच्या कडेच्या आत दुमडा. चार बोटं बाहेर राहिली तरी दव तिच्यावर साचून सरळ सतरंजीखाली येतं.

वजनाचं सोपं: जड ते खाली, मागच्या चाकांच्या पुढे. २० लिटरचे पाण्याचे दोन कॅन, पाच किलोचा सिलिंडर उभा बांधून. करिअरवर फक्त अंथरुणं आणि तंबू. परतवाड्याच्या पुढे घाट लागतो, तिथे वरचं वजन वळणावर लगेच कळतं. उतरताना ज्या गिअरवर चढलो त्यावरच उतरायचं, नुसत्या ब्रेकवर नाही.

टायरच्या बाजूचे चार अंक वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कारंजा ते मेहकर समृद्धीनं जायचं तर जुनं टायर नको. हवा सकाळी, टायर थंड असताना, दाराजवळच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी दिली आहे तेवढी.

डिझेल परतवाड्यातच पूर्ण भरायचं. मेळघाटात तंबू मनाला येईल तिथे लावता येत नाही, वनखात्यानं ठरवलेल्या जागीच मुक्काम. चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर, थंडी चांगलीच असते. पण निखाऱ्याची शेगडी तंबूत घेऊ नये, कितीही हुडहुडी भरली तरी. धूर दिसत नसला तरी विषारी वायू असतोच. आजीला जास्तीची वाकळ द्या.

पहिल्या मुक्कामी स्वयंपाक नको. रोडगे आणि वांग्याची भाजी घरून, दुसऱ्या दिवसापासून चून-भाकर.

निघायची वेळ पहाटे साडेपाच. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा, कारण या दिवसांत कापसाच्या बंड्या विनालाइट असतात आणि उभ्या तुरीतून ढोर कधी रस्त्यावर येईल ते दिसत नाही.

उरलं ते: नवी वायर ओढून मागचं व्होल्टेज पुन्हा मोजणं (१३.७ च्या वर हवं), २० ॲम्पिअरचे दोन जास्तीचे फ्यूज, आणि शनिवारी धुऱ्यालगत तंबू लावून रात्रभर पंखा चालवणं.