ओंडका वाटेपर्यंत आणताना

संगमेश्वर तालुक्यातील आमच्या डोंगरउतारावर ऐन आणि किंजळ यांची दाट वाढ आहे. त्यातील चौदा झाडे तोडण्याची परवानगी गेल्या वर्षी मिळाली. (ही दोन्ही झाडे 1964 च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत असल्यामुळे आधी परवानगी आणि पुढे वाहतुकीचा पास, हे दोन्ही सोपस्कार चुकत नाहीत.) तोड दोन आठवड्यांत उरकली; ओंडके गाडीवाटेपर्यंत आणण्यात मात्र अख्खा उन्हाळा गेला. वडिलांच्या वेळी हे काम बैल करीत असत. आज आमच्या वाडीत एकही जोडी उरलेली नाही, त्यामुळे यंत्राचा विचार करणे भागच होते.

सुरुवातीला माझे मन मिनी ट्रॅक्टरवर बसले होते. विक्रेत्याने तो सपाट शेतात फिरवून दाखवला आणि मी भुललो. घरी आल्यावर आबांनी एवढेच विचारले, "गडग्याच्या खिंडीतून जाईल का तो?" (गडगा म्हणजे आमच्याकडचा दगडी बांध.) टेप घेऊन गेलो तर खिंड साडेतीन फुटांची निघाली, आणि ट्रॅक्टर टायरांच्या बाहेरून जवळजवळ तेवढाच होता. खिंड रुंद करता आली असती, परंतु तिच्यापुढे जांभ्याचे मोठमोठे गोटे आणि पालापाचोळ्याने झाकलेला तीव्र उतार आहे. अशा ठिकाणी ओंडका मागच्या चाकांच्या धुऱ्यापेक्षा वरच्या बिंदूला बांधून ओढला आणि तो एखाद्या मुळाला अडकला, तर ट्रॅक्टरचे पुढचे तोंड उचलले जाऊन तो चालकाच्या अंगावर उलटू शकतो. ट्रॅक्टरने लाकूड ओढायचेच असेल तर साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे धुऱ्याखालच्या ओढायच्या दांड्यालाच, बांधावी.

पॉवर टिलर (दोन चाकांचे, हातांनी हाकायचे शेतीयंत्र) आणि ट्रॉली हा आमच्याकडचा सर्वांत ओळखीचा पर्याय आहे. तो शेजाऱ्यांकडून भाड्याने मिळतो आणि पाणंदीतून सहज जातो. मात्र उतारावर त्याची एक खोड आहे. सपाटीवर डाव्या हाताचा क्लच दाबला की डावे चाक इंजिनापासून मोकळे सुटते आणि टिलर डावीकडे वळतो. भरलेली ट्रॉली मागून रेटत असली की तोच क्लच दाबल्यावर तो उजवीकडे जातो, कारण मोकळे सुटलेले चाक अधिक वेगाने फिरू लागते. ज्याला हे हातांनी माहीत नाही, त्याच्या हाती भरलेला टिलर उतारावर देऊ नये. शिवाय टिलर फक्त वाटेवरून वाहून नेतो, आणि आमची खरी अडचण झाडाच्या बुंध्यापासून वाटेपर्यंतच्या पन्नास-साठ मीटरांची होती.

यंत्र ठरवण्याआधी वजनाचा हिशेब करावा लागतो, आणि तिथे व्यापाऱ्याचे घनफूट फसवते. चार फूट घेराचा आणि दहा फूट लांबीचा ओंडका पाव-घेराच्या रीतीने (घेराच्या चौथाईचा वर्ग गुणिले लांबी) दहा घनफूट भरतो. प्रत्यक्षात त्यात पावणेतेरा घनफुटांच्या आसपास लाकूड असते. ओल्या ऐनाचा घनमीटर टनाच्या जवळपास जातो, म्हणजे हा एक नग साडेतीनशे ते चारशे किलोंचा झाला. चढावर जमिनीवरून घासत ओढताना जवळजवळ तेवढाच जोर लागू शकतो आणि टोक मातीत रुतले तर त्याहूनही अधिक.

अखेरीस मी छोट्या पेट्रोल इंजिनावर चालणारी दोराची विंच, म्हणजे दोराने ओझे ओढणारे यंत्र, घेतली. ती एका माणसाला उचलून नेता येते आणि एका ओढीला 700 किलोंपर्यंत जोर लावते. तिच्यात दोर ड्रमवर साठत नाही. फिरत्या नळ्याला चार वेढे द्यायचे आणि सुटे टोक हाताने ओढत राहायचे, त्यामुळे दोर कितीही लांब असला तरी ओढ कमी होत नाही. ड्रमच्या विंचमध्ये थरांवर थर चढतात, तसा जोर घटत जातो. मोठ्या नगांसाठी ओंडक्यालाच एक कप्पी बांधून दोर तिच्यातून परत वरच्या झाडाकडे नेला. वेग निम्मा झाला, पण ओढ जवळजवळ दुप्पट मिळाली. दोर मात्र कमी ताणणारा पॉलिएस्टरचाच घ्यावा, कारण नायलॉन ताणून तुटला तर चाबकासारखा उलटा येतो. विंच ज्या जिवंत झाडाला बांधायची, त्याला रुंद पट्टा लावावा, म्हणजे साल सोलली जात नाही.

सर्वांत उपयोगी युक्ती मात्र फुकटची होती. ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी खडबडीत असते आणि सपाट कापलेले तोंड प्रत्येक गोट्याला अडते. आबांनी कुऱ्हाडीने पुढच्या टोकाची कड चहूबाजूंनी गोल तासून दिली, तेव्हा अर्धा तास अडलेला नग सरळ वर आला. त्या तासण्यात टोकाचे दोन-तीन इंच लाकूड जाते आणि व्यापारी कुरकुरतो, पण ते परवडते.

विंचला मर्यादा आहेत. दिवसाला आठ-दहा नगांपेक्षा जास्त काम होत नाही, खाली एक माणूस आणि वर एक, अशी दोन माणसे लागतातच, आणि दोघांना एकमेकांचे दिसत नसेल तर खुणेची शिट्टी आधी ठरवून घ्यावी लागते. वाटेवर जमलेले ओंडके पुढे भाड्याच्या टिलरने सॉमिलपर्यंत गेले. वर्षातून महिनाभर चालणाऱ्या कामासाठी टिलर विकत घेण्यात मला अर्थ दिसला नाही. पऱ्याच्या (ओहोळाच्या) पलीकडचे दोन नग तेवढे राहिले आहेत, कारण तिथून दोर वळवायला मधे भक्कम झाड नाही. मिरगाचा पाऊस लागल्यामुळे ते आता दिवाळीपर्यंत तिथेच पडून राहतील.