मिनिटाला आठशे फेरे

लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, आणि मे महिन्यातल्या भर दुपारी त्या सोळाही रस्त्यांवरची वाहने एकदमच आत शिरली आहेत असे वाटत असताना, आमची जुनी पेट्रोल गाडी बंद पडायला नेमकी तीच जागा निवडत असे. क्लच दाबून ब्रेकवर पाय ठेवला की फेऱ्यांचा काटा आठशेवरून सातशेवर, तिथून पाचशेवर घसरायचा, स्टिअरिंगमधून तळहाताला एक थरथर जाणवायची आणि मग सगळे शांत व्हायचे; बॅटरीचा आणि ऑइलचा असे दोन तांबडे दिवे तेवढे उजळायचे. औशाच्या रस्त्याला ऐंशीच्या वेगाने मुकाट धावणारे इंजिन नुसते उभे राहण्याच्या कामात का हरावे, हे मला कळत नव्हते.

कळले ते आजीच्या जात्यामुळे. लहानपणी हौसेने ज्वारी दळायला बसलो, तेव्हा जाते निम्म्या फेऱ्यातच अडायचे. आजी म्हणायची, "हळू वढलं की जड जातंय, पोरा." खुंट्याला खरा जोर लागतो तो फेऱ्याच्या थोड्याशा भागात, उरलेला फेरा वरचा दगड आपल्या वेगावरच पुरा करतो, आणि तो वेग नसेल तर घासभर ज्वारीही त्याला भारी पडते.

इंजिनातला तो दगड म्हणजे फ्लायव्हील, इंजिनाबरोबर फिरणारे एक जड चाक. चार सिलिंडरच्या इंजिनाला मिनिटाला ८०० फेऱ्यांत पेट्रोलच्या जळण्याचे १६०० धक्के मिळतात, म्हणजे सेकंदाला सुमारे २७. दोन धक्क्यांच्या मधल्या वेळात पुढच्या सिलिंडरमधली हवा दाबण्याचे कष्ट फ्लायव्हीलमधल्या ऊर्जेच्या साठ्यातून भागवावे लागतात, आणि हा साठा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे २००० फेऱ्यांच्या मानाने ८०० फेऱ्यांना तो सव्वासहा पटींनी कमी असतो. त्यातच फेरे घटले की दोन धक्क्यांमधले अंतर वाढते, त्या अंतरात वेग आणखी उतरतो, आणि एकदा ही उतरंड सुरू झाली की इंजिनाला सावरायला फारशी सवड उरत नाही.

बरे, धक्केही या वेळी दुबळेच असतात. ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असतो, थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते; आत येणारी हवा थोडी, आणि तिच्यात आधीच्या जळणाचा उरलेला धूर मात्र एरवीपेक्षा जास्त प्रमाणात मिसळलेला, त्यामुळे ज्योत संथ आणि कमीअधिक पेटते. एवढ्याशा बळावर अल्टरनेटर, पाण्याचा पंप आणि स्वतःचे घर्षण सांभाळायचे. आपण त्याला रिकामे बसलेले समजतो, ही आपली चूक. अशा वेळी एसीचा कॉम्प्रेसर जोडला जाणे म्हणजे रेंगाळणाऱ्या जात्यात पसाभर ज्वारी ओतणे होय. म्हणून एसी लावताच गाडीचा कंट्रोलर जादा हवा सोडून फेरे वाढवतो. पूर्वीच्या कार्बुरेटरच्या गाड्यांत हे काम मिस्त्री स्क्रू पिळून, इंजिनाच्या आवाजाकडे कान देऊन करत. त्या कानांची मला अजून असूया वाटते.

आमच्या गाडीत कंट्रोलर हुकूम सोडत होता, पण हवेची वाटच अरुंद झाली होती. मिस्त्रींनी पाइप काढून थ्रॉटल बॉडीत बोट फिरवले आणि काजळी माखलेले ते बोट माझ्यासमोर धरून म्हणाले, "साहेब, नाकच चोंदलंय हिचं. दम कुठून घेणार?" मिटलेल्या झडपेच्या कडेला जी बारीक फट राहते, तिथेच काजळीचा काळा, चिकट थर बसला होता. भरधाव गाडीत झडप बरीच उघडी असते, तेव्हा या थराने काही बिघडत नाही. उभ्या गाडीची सारी भिस्त मात्र त्या फटीवरच असते. गेल्या महिन्यात मी या रोगावर उपाय म्हणून नवी बॅटरी बसवून घेतली होती, हे मिस्त्रींना सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

परतताना मुद्दाम गोलाईतून आलो. आंब्यांच्या हातगाड्यामागे थांबून एसीचे बटण दाबले. काटा सातशेकडे झुकला, क्षणभर घुटमळला आणि नऊशेवर जाऊन स्थिरावला. मागच्याने हॉर्न तरीही वाजवलाच.