चिंगी शिंकली

शनिवारी रात्री मी कणीक मळत होते आणि पायाशी चिंगी, आमचं मांजरीचं नवं पिल्लू, शिंकली. ओली काडी काडेपेटीवर ओढल्यासारखा आवाज. मग लागोपाठ तीन. अकरा वाजेपर्यंत मी चौदा शिंका मोजल्या, आणि नवऱ्याचं म्हणणं, तू मोजतेस म्हणून ती शिंकते.

आम्ही जर्मनीत न्यूर्नबर्गला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. चिंगी आन्सबाखकडच्या एका गोठ्यातून आली. तिथे गाईंच्या कानाला बिल्ले असतात, मांजरांची मोजदाद कुणी ठेवत नाही. घरात आधीच दोघं होती. सखू, वय १३, स्वभाव निवृत्त मुख्याध्यापिकेचा. आणि बंड्या, ४ वर्षांचा बोका, ज्याला जगात सगळेच आवडतात, विशेषतः दुसऱ्याच्या ताटलीतले. नवीन पिल्लू आणलं की दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवायचं, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण बंड्या दाराबाहेर रडायचा, चिंगी दाराआत रडायची. तिसऱ्या दिवशी मी दार उघडलं. शिंका सुरू झाल्या बाराव्या दिवशी, तोवर तिघांनी एकमेकांच्या वाट्या चाटून झाल्या होत्या.

आता रविवार. जर्मनीत रविवारी पाव मिळायची मारामार, तिथे मांजराचा डॉक्टर कुठला? मिळतो, पण तातडीच्या सेवेत. इथे प्राण्यांच्या डॉक्टरांचे दर सरकारी तक्त्यात बांधलेले असतात. २०२२ च्या नोव्हेंबरपासून नवा तक्ता आहे, त्यात मांजराच्या साध्या तपासणीचा मूळ दर २३.६२ युरो. सुट्टीच्या दिवशी तातडीने गेलात तर हाच दर किमान दुप्पट, वर ५० युरो वेगळे, आणि त्यावर कर. पैशाचं सोडा, पण शिंकणाऱ्या पिल्लाला टोपलीत कोंबून ट्राममधून न्यायचं आणि कुत्र्यांच्या भुंकण्यात दोन तास बसवायचं, यानं तिचं भलं होणार की वाईट?

म्हणून शिंका मोजणं सोडून मी तिच्याकडे नीट बघितलं. नाकातून पाणी, पण स्वच्छ, पिवळं-हिरवं नाही. डोळे ओलसर, पण उघडे. तोंड मिटून श्वास. खाल्लं. बुटाच्या नाडीमागे धावली, मध्येच थांबून शिंकली, पुन्हा धावली. ठरवलं, सोमवार सकाळपर्यंत थांबायचं. यातलं एक जरी बिघडलं, तोंड उघडून श्वास घेतला, डोळा मिटला किंवा जेवण नाकारलं, तर रविवार बघायचा नाही.

दुपारी चिपळूणहून आईचा व्हिडिओ कॉल. "गरम पाण्यात निलगिरीचे दोन थेंब टाक, वाफ दे."

"आई, निलगिरी मांजरांना विष आहे. कापूर, व्हिक्स, सगळंच. क्रोसिनची अर्धी गोळीसुद्धा जीव घेते. त्यांच्या यकृताला ते पचवता येत नाही."

"मग आपल्याकडची कशी जगायची गं?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. कारण आपल्याकडची जगायची नाहीत. माळ्यावर दर पावसाळ्यात चार-पाच पिल्लं व्हायची. दोन आठवड्यांत त्यांचे डोळे चिकटायचे, नाकावर खपली धरायची, मग एकेक कमी व्हायचं. आम्ही पोरं म्हणायचो, बोक्याने नेलं. काही नेलीही असतील त्याने. पण ते चिकटलेले डोळे आता आठवले आणि कळलं की तो हाच आजार होता. बोक्यावर आम्ही बरीच खोटी पापं टाकली.

आई म्हणाली, "मी कोमट पाण्यात कापूस बुडवून पुसायचे त्यांचे डोळे. तुम्हाला कुठे माहीत."

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी आधी छाती ऐकली, ताप घेतला, ३८.७, म्हणजे मांजराच्या हिशेबाने ठीक. जिभेवर फोड आहेत का पाहिलं. मग डोळ्यांत एक नारिंगी थेंब घातला, दिवे मालवले आणि निळा प्रकाश टाकला. बुबुळाला जखम असली तर तिथे हिरवं चमकतं म्हणे. त्या अंधारात चिंगी माझ्या अंगठ्याला धरून बसली होती. काही चमकलं नाही.

जर्मनमध्ये या आजाराला 'कात्सेनश्नुप्फन' म्हणतात, म्हणजे सरळ 'मांजराची सर्दी'. बाई म्हणाल्या, नावाने फसू नका. बहुतेक वेळा यामागे दोनपैकी एक विषाणू असतो, हर्पीस किंवा कॅलिसी. हर्पीस मांजरापासून बाहेर पडला की एखाद्या दिवसात मरतो. कॅलिसी मात्र वाटी, फरशी, बाह्या यांच्यावर आठवडाभरही टिकतो, आणि साध्या साबणाला दाद देत नाही. माणसाला यातला कुठलाच लागत नाही. अँटिबायोटिक त्यांनी दिलं नाही, स्राव पिवळा-हिरवा झाला तर या म्हणाल्या. लस पुढे ढकलली.

मी गोठ्याला दोष द्यायला तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, "कदाचित तुमच्या सखूकडूनच आलं असेल." हर्पीस एकदा झाला की जन्मभर मज्जातंतूंत दडून बसतो. घरात नवीन कुणी आलं, ताण पडला, की आठवड्याभराने जागा होतो, आणि मांजर स्वतः न शिंकताही तो पसरवतं. म्हणजे चिंगीने सखूला ताण दिला आणि सखूने चिंगीला सर्दी. कुणी कुणाला दिलं हे आता सांगता येणार नव्हतं. मला एकदम हलकं वाटलं. सखूला वाटलं नसावं.

"मग आता वेगळं ठेवणं म्हणजे वरातीमागून घोडं," मी जर्मनमध्ये जमेल तसं म्हटलं. बाईंना घोडं कळलं नाही, पण मुद्दा कळला. तरी ठेवा, म्हणाल्या. विषाणूचा मारा कमी होतो, आणि कोण किती खातं ते कळतं. मांजर वासावर जेवतं. नाक बंद झालं की ते जेवणच सोडतं, आणि पिल्लू त्यानेच खंगतं.

तर दोन आठवडे चिंगी न्हाणीघरात. आंघोळीची वाफ तिला आयतीच मिळायची. माझा एक जुना गाऊन तिथल्या खुंटीला. आत जाताना घालायचा, बाहेर येताना काढायचा, हात कोपरापर्यंत धुवायचे. आधी सखू-बंड्याचं खाणं, मग चिंगीचं, उलट कधीच नाही. फरशीला पातळ केलेलं ब्लीच, मग स्वच्छ पाणी. आजीचं सोवळं या मानाने सोपं होतं. तिच्या सोवळ्याला निदान बोके दाराखालून पंजे घालत नव्हते.

वजन रोज सकाळी, ग्रॅममध्ये. स्वयंपाकघरातल्या काट्यावर स्टीलची परात, परातीत चिंगी. १०१२. १०१९. तिसऱ्या दिवशी १००४, तेव्हा माझ्या पोटात गोळा. त्या दिवशी चिकन उकडून, मीठ-कांदा-लसूण काही न घालता, कोमट करून बोटावर दिलं. आधी हुंगलं, मग बोट चावलं. दुसऱ्या दिवशी १०२१.

पाचव्या दिवशी सखू शिंकली. लस झालेली होती, म्हणून दोन दिवसांवर निभावलं, पण ते दोन दिवस मी ऑफिसातून तीनदा घरी फोन केला. मोठं मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृत बिघडतं. शेवटी गरम पाण्यात कालवलेलं पिल्लाचं खाणं तिला मानवलं. बंड्या शिंकला नाही. त्याने फक्त दोघींचं उरलेलं संपवलं.

पंधराव्या दिवशी दार उघडलं. चिंगी अजून सकाळी एकदा-दोनदा शिंकते, शेजारच्या आजीबाई भिंतीपलीकडून तिला "गेझुंडहाइट" म्हणतात, शिंकणाऱ्याला इथे तसंच म्हणायची पद्धत. वहीतली शेवटची नोंद १२४०. त्यानंतर ती परातीत उभीच राहीना. आणि त्या परातीत आता कणीक मळायला नवऱ्याचं मन होत नाही, म्हणून काल मी दुसरी आणली.