700 ची बंदूक, 845 ची पावती

मी कॅलिफोर्नियात छोट्या दुकानांचे हिशेब लिहितो. त्यात एक बंदुकांचं दुकान आहे. 2023 च्या उन्हाळ्यात मालकाने एके दिवशी दुकान बंद ठेवलं, पाच-सहा नेहमीची गिऱ्हाइकं गाडीत घेतली आणि कागद सांभाळायला मलाही. जायचं होतं राज्याच्या राजधानीला, सॅक्रामेंटोला, एबी 28 या विधेयकाच्या सुनावणीला. बंदुका, त्यांचे काही मूळ भाग आणि काडतुसं यांच्या किरकोळ विक्रीवर 11 टक्के अबकारी कर, असं ते होतं.

तिथली पद्धत ठाऊक नसली की खेप फुकट जाते. दोन्ही बाजूंचे ठरलेले साक्षीदार काही मिनिटं बोलतात. बाकीच्यांनी रांगेने माइकपाशी यायचं, नाव आणि 'विरोध' किंवा 'पाठिंबा' सांगून बाजूला व्हायचं. आमच्यातल्या एकाने थेट दुसऱ्या घटनादुरुस्तीला, म्हणजे शस्त्र बाळगण्याच्या हक्काला, हात घातला. तिसऱ्या वाक्याला अध्यक्षांनी थांबवलं. तो चिडला, पण म्हणणं मांडायची जागा ती नव्हेच. ते पत्रात लिहून विधिमंडळाच्या पोर्टलवर आधीच चढवायचं असतं, तेही समितीने दिलेल्या मुदतीत. शिवाय विधेयकात बदल झाला की हातातली प्रत रद्दी समजायची. नव्या प्रतीत घातलेला मजकूर तिरप्या अक्षरांत असतो आणि काढलेला खोडून दाखवतात. आमच्या गाडीतल्या दोघांकडे जुनीच प्रत होती.

खरं काम दुपारी झालं, आमच्या भागातल्या सिनेटरच्या कार्यालयात. कर बसवायचा तर राज्याच्या विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात: असेंब्लीत 80 पैकी 54, सिनेटमध्ये 40 पैकी 27. असल्या करांची आधीची विधेयकं तिथेच अडली होती. त्यामुळे काठावरचा एकेक सदस्य मोलाचा, आणि त्याच्याकडे त्याच्याच मतदाराने जायचं.

कर्मचारी बाईंनी दहा मिनिटं दिली. मी एकच कागद पुढे केला, शॉटगनची नमुना पावती. किंमत 700 डॉलर. अबकारी 77. बेरीज 777. त्यावर 8.75 टक्के विक्रीकर, 67.99. एकूण 844.99.

"विक्रीकर 700 वर नाही का?" त्यांनी विचारलं.

नाही, आणि गोम तिथेच. विधेयकात कर गिऱ्हाइकावर नाही, दुकानदाराच्या विक्रीच्या रकमेवर आहे. दुकानदार तो गिऱ्हाइकाकडून वसूल करतो तेव्हा ती वसुलीही विक्रीचाच भाग होते आणि तिच्यावर विक्रीकर चढतो. नव्या कराविना पावती 761.25 ची झाली असती. फरक 83.74, म्हणजे मूळ किमतीच्या जवळपास 12 टक्के. बाईंनी पेनाने 83.74 भोवती गोल केला.

दुसरा मुद्दाही तिथेच निघाला. केंद्राचा कर आधीपासून आहे: पिस्तुलांवर 10 टक्के, लांब बंदुका आणि काडतुसांवर 11. "मग 11 नवीन कुठे?" असं कुणीही म्हणेल. पण तो उत्पादक किंवा आयातदार आपल्या विक्रीवर भरतो, आणि तो दुकानातल्या किमतीत आधीच मुरलेला असतो. राज्याचा 11 त्या मुरलेल्या किमतीवर. शिवाय बंदूक एकदाच घ्यायची, काडतुसं दर आठवड्याला. ट्रॅप म्हणजे उडत्या चकत्यांवरची नेमबाजी; तिच्या एका फेरीत 25 काडतुसांचा एक डबा संपतो. दिवसाला चार फेऱ्या खेळणाऱ्याचा हिशेब त्यांनी लिहून घेतला.

(आपल्याकडे रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांवर जीएसटी 28 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून 40 झाला. तो जीएसटी परिषदेने ठरवला. तिथे रांगेत उभं राहायला माइक नाही.)

विधेयक मंजूर झालं. 26 सप्टेंबर 2023 ला गव्हर्नर न्यूसम यांची सही, 1 जुलै 2024 पासून वसुली. कायद्यात तिमाहीला 5,000 डॉलरच्या आतल्या विक्रीला सूट आहे, पण ती कड्यासारखी. 4,999 ला कर शून्य; 5,000 झाले की पहिल्या डॉलरपासून, म्हणजे 550. घरून धंदा करणाऱ्या माझ्या एका परवानाधारक बंदूक-विक्रेत्याला हे तिमाही संपताना कळलं असतं तर पंचाईत होती. त्याची वही आता मी दर महिन्याला बघतो.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मालकाने एक पावती पाठवली. शॉटगन, 700. खाली 844.99. गोल त्याने स्वतः केला होता.