बर्नर बंद, तरी टेम्परेचर चढतंच

एप्रिलातली गोष्ट आहे, अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय. गोव्यात वाळपईच्या पुढे सत्तरी तालुक्यात आत, जंगलाच्या हद्दीला लागून एका ड्रिलिंगवाल्यांचा कॅम्प होता, साठ-सत्तर माणसं, आणि त्यांचा कचरा जाळायचं मशीन माझ्याकडे. आधी ते खड्ड्यात पुरायचे, रानडुकरांनी रात्रीत सगळं उकरून काढलं, मग हे मशीन आलं. पोर्टेबल इन्सिनरेटर. याला पोर्टेबल कोण म्हणालं त्याला एकदा भेटायचंय मला, दोन टनांचं धूड हायड्रा क्रेनने उतरवायचं, चिमणीचे तुकडे बोल्टाने जोडायचे, चारी बाजूंनी तारांचे ताण द्यायचे, आणि आतलं अस्तर नवं असेल तर दोन दिवस नुसतं हळूहळू तापवत बसायचं, नाहीतर कास्टेबलमधल्या, म्हणजे आगीला टिकणाऱ्या काँक्रीटमधल्या, पाण्याची वाफ होऊन ते तडकतं.

लोकांना वाटतं मोठी चूल आहे, टाका नि पेटवा. खालच्या चेंबरात कचरा ८५० अंशांना जळतो, त्यातून निघणारा गॅस वरच्या चेंबरात १०५०च्या आसपास दोन सेकंद तरी राहायला लागतो, तेव्हा कुठे चिमणीतून धूर दिसत नाही. आधी मी दवाखान्याच्या कचऱ्याचं मशीन चालवायचो, तिथे २०१६च्या नियमात वरचं १०५० अधिक-उणे ५० आणि दोन सेकंद असंच लिहिलंय, त्यामुळे ही सवय अंगात भिनलेली. आता वरचं चेंबर तिथवर न्यायचं तर सकाळी पाऊण तास रिकामं मशीन जाळायला लागतं, आणि नेमकं हेच डिझेल ऑफिसला खुपतं. रोज फोन. आज किती लिटर, काल किती, कचरा ओला होता म्हणजे काय. ओला म्हणजे ओला हो, शहाळी आणि माशांची घाण भरलेली गोणी पेटायच्या आधी तिचं पाणी उडवायला डिझेलच जातं ना. वेगळं करून द्या म्हणून तीन डबे ठेवले होते. मजूर सांगितलं की ऐकायचे, इंजिनिअर लोकांच्या तंबूतून मात्र पीव्हीसी पाइपचे तुकडे, डिओचे डबे, बिअरच्या बाटल्या सगळं एकाच पिशवीत यायचं. पीव्हीसी जाळायचंच नाही, डबे फुटतात, आणि काच वितळून तळाला बसली की छिन्नी घेऊन मलाच आत वाकायला लागतं.

तर त्या ऑफिसच्या फोनचा राग मी हेल्परवर काढायचो. सत्तरीतलाच पोरगा, वीस-एकवीस वर्षांचा, हुशार. डिझेल कमी कर, डिझेल कमी कर, दुसरं काही बोलतच नव्हतो मी त्याच्याशी त्या आठवड्यात.

त्या दिवशी दुपारी मी जनरेटरचा फिल्टर बदलत होतो, परत आलो तर खालच्या चेंबरचं डिस्प्ले ९१०. बर्नर सेटपॉइंटला, म्हणजे ठरवून दिलेल्या तापमानाला, आपोआप बंद झालेला. बरं, असेल प्लास्टिक जास्त. दोन मिनिटांत ९८०. मग १०४०, आणि चिमणीतून काळाकुट्ट धूर, डांबर उकळल्यासारखा, घशाला खवखव. वर ११८०. बर्नर दोन्ही बंद आणि दोन्ही आकडे चढतायत, म्हणजे आत कसलं तरी तेल जळतंय.

सुपरवायझर साहेब बादली घेऊन धावत आले, दार उघड, पाणी मार! मी दारासमोरच उभा राहिलो. त्या क्षणी दार उघडलं असतं तर बाहेरची हवा आत घुसून आगीचा लोळ सरळ तोंडावर आला असता, आणि लालबुंद कास्टेबलवर गार पाणी म्हणजे अस्तर गेलंच. त्यांना ते पटलं नाही, अजूनही पटलेलं नसेल. मी खालच्या हवेचा डॅम्पर, म्हणजे झडप, जवळजवळ बंद केला, वरचा पूर्ण उघडला, ब्लोअर चालू ठेवला. खाली हवाच नाही तर गॅस कमी सुटतो, एवढंच. मग फक्त बघत राहायचं, आणि जनरेटर ट्रिप होऊ नये म्हणून देवाला हाक मारायची.

एवढ्यात फॉरेस्ट गार्ड आले. मार्च २०२३ला म्हादईच्या जंगलात जागोजाग आगी लागल्या तेव्हापासून ही माणसं धूर दिसला की पळत येतात, आणि बरोबरच आहे त्यांचं, खाली सगळा सुका पाला. त्यांच्याच सांगण्यावरून चिमणीला ठिणग्या अडवायची जाळी बसवलेली. ती आठवड्याला साफ करायची असते. मी दोन आठवडे केली नव्हती. काजळी धरून ओढ कमी झालेली, म्हणजे धुरात माझाही वाटा होता, हे गार्डना मी सांगितलं नाही.

आकडे उतरायला पाऊण तास लागला. पोरगा जरा लांब उभा होता, हात मागे. विचारलं तर म्हणाला, "पात्रांव, हांवेंच घाल्लें." म्हणजे साहेब, मीच घातलं. काजूच्या टरफलांची अख्खी गोणी. त्याचा काका काजूच्या फॅक्टरीत, तिथे बॉयलरला टरफलंच घालतात, मस्त पेटतात, डिझेल वाचेल असं वाटलं त्याला. आणि पेटतातच, फॅक्टरीत बिया वाफवून फोडतात, त्यामुळे टरफलातलं तेल तसंच राहतं. पण बॉयलरला ती थोडी थोडी जातात, आमच्या चेंबरात एकदम वीसेक किलो. हात पुढे करायला लावले तर तळव्यांवर टरफलाच्या चिकाने उठलेले फोड. आमच्याकडे काजूच्या सीझनमध्ये असे हात लहानपणापासून बघतोय, खोबरेल लावायला दिलं.

सकाळी आत बघितलं तर अस्तराला केसाएवढी चीर, दाराच्या फटीतली सीलची दोरी जळलेली. लॉगबुकात कारण लिहिलं ओव्हरलोड. टरफलं लिहिली असती तर पोरगं त्याच दिवशी घरी गेलं असतं, आणि त्याला तिथवर कुणी आणलं हे लिहायला रकाना नव्हता.

महिनाअखेर ऑफिसचा फोन. त्या तारखेचं डिझेल निम्म्याच्या खाली कसं काय आलं, काय केलंस, रोज तसंच कर ना. बघतो म्हणालो.