नाउरूच्या बाजूने बोलायचंय

यंदाच्या एमयूएनमध्ये, म्हणजे विद्यार्थी देशोदेशींचे प्रतिनिधी बनतात त्या संयुक्त राष्ट्रांच्या नकली सभेत, मला पॅसिफिकमधला बेटदेश नाउरू मिळालाय. कमिटी आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाची, अजेंडा खोल समुद्रातल्या खाणकामाचा. अमेरिका मिळालेला मित्र माझी कीव करतोय. त्याला अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही की अमेरिका या प्राधिकरणाची सदस्यच नाही.

देशाचा अभ्यास म्हणून बहुतेक जण क्षेत्रफळ, राजधानी, चलन उतरवून काढतात. नाउरूचं क्षेत्रफळ २१ चौरस किलोमीटर, अधिकृत राजधानी नाहीच, चलन ऑस्ट्रेलियन डॉलर. झालं. यावर भाषण उभं राहत नाही. मी आधी एवढंच शोधते की या देशाचं घर कशावर चालतं.

नाउरूचं चालायचं फॉस्फेटवर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून खतासाठी हे बेट खणलं गेलं. पहिल्या महायुद्धानंतर तो धंदा ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्या हातात होता. १९६८ मध्ये स्वातंत्र्य मिळालं, पाठोपाठ खाणीही ताब्यात आल्या. काही वर्षं पैसाच पैसा, मग साठे आटले. मधलं पठार म्हणजे आता चुनखडीच्या सुळक्यांचं रान. या नासाडीबद्दल १९८९ मध्ये हा चिमुकला देश ऑस्ट्रेलियाविरुद्ध थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. खटला ऐकायला न्यायालय तयार झालं, तेव्हा १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियाने तडजोड करून १०.७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर द्यायचं कबूल केलं. पुढे २००१ पासून त्याच ऑस्ट्रेलियाने आश्रय मागणारी माणसं नाउरूवर पाठवली आणि त्याचे पैसे मोजले. मान्यता चीनला द्यायची की तैवानला, या प्रश्नावर नाउरूने २००२, २००५ आणि २०२४ अशी तीनदा बाजू बदललीय. याला संधिसाधूपणा म्हणणं सोपं आहे. विकायला दुसरं काही उरलं नसेल तर मान्यता विकतात, असं माझं मत.

इतकं वाचल्यावर नाउरूने प्राधिकरणाला पाठवलेलं जून २०२१ चं पत्र उलगडतं. समुद्रतळाबद्दलच्या १९९४ च्या करारात एक तरतूद आहे: आपल्या देशातली कंपनी उत्खननासाठी अर्ज करणार आहे, असं एखाद्या सदस्याने कळवलं की दोन वर्षांत नियम तयार करायचे, नाही झाले, तरी आलेला अर्ज विचारात घ्यावाच लागतो. नाउरूने नेमकं हेच कलम उगारलं. कंपनी म्हणजे कॅनडातल्या ‘द मेटल्स कंपनी’ची नाउरूत नोंदवलेली उपकंपनी. डोळा आहे हवाई आणि मेक्सिको यांच्यामधल्या समुद्रतळावरच्या गोळ्यांवर, ज्यांत मँगनीज, निकेल, कोबाल्ट आणि तांबं असतं. जुलै २०२३ मध्ये मुदत उलटली, नियम काही झाले नाहीत.

माझं स्वतःचं मत? हे खाणकाम होऊ नये. पण खुर्चीवर पाटी नाउरूची असेल, त्यामुळे ते मत घरी. (पर्यावरणावर कळवळून बोलणारा सौदीचा डेलिगेट मी पाहिलाय. टाळ्या मिळाल्या, गुण नाही.) म्हणून बातम्यांपेक्षा नाउरूची किंग्स्टनच्या (प्राधिकरणाचं मुख्यालय जमैकात तिथेच आहे) बैठकांतली निवेदनं वाचतेय. तिथला युक्तिवाद असा: आम्ही समुद्रपातळी वाढण्याच्या तोंडावर आहोत, स्वच्छ ऊर्जेच्या बॅटऱ्यांना हे धातू लागतात, आणि नियमांची वाट आम्ही सोडलेली नाही. पटो न पटो, घट्ट बांधलेला आहे.

ब्लॉक, म्हणजे सोबतीच्या देशांचा गट, जमवताना पॅसिफिकमधल्या शेजाऱ्यांच्या भरवशावर राहता येणार नाही. पलाऊ, फिजी या खाणकामाला स्थगिती देण्याच्या बाजूने आहेत. भारताच्या डेलिगेटशी मात्र आधीच बोलून ठेवणार, कारण मध्य हिंदी महासागरातल्या अशाच गोळ्यांच्या शोधाचं कंत्राट भारताकडे २००२ पासून आहे.

पलाऊ उठून विचारणारच, की एकदा बेट खणून उजाड झाल्यावर आता समुद्र कशाला? त्यावरचं उत्तर लिहून ठेवलंय: बेट खणलं तेव्हा सुरुवातीला आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, या वेळी टेबलावर आम्ही आहोत.