येते हं

परवा सकाळी प्रभादेवीतल्या एका प्लेग्रुपच्या फाटकाशी उभी होते. लेकीचा पहिला दिवस. आतून सात-आठ पोरांचा रडण्याचा आवाज येत होता. एक आई टॅक्सीत बसून डोळे पुसत होती आणि तिचा मुलगा फाटकाच्या गजांना धरून तिलाच हाका मारत होता. मावशींनी माझ्यापुढे हात पसरले. "द्या इकडे तिला. आणि मॅडम, मागे वळून बघू नका. दोन दिवस रडेल, तिसऱ्या दिवशी गप्प होईल."

मी तिला दिलं नाही. कडेवर घेऊन तशीच घरी आले. रात्रभर झोप लागली नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मार्चपासून जुलैपर्यंत आम्ही जर्मनीत, लाइपझिगला होतो. मी पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. तिथल्या एका संशोधन संस्थेत मला पाच महिन्यांचं काम मिळालं होतं. लेक सव्वादोन वर्षांची. नवऱ्याला मुंबईतली नोकरी सोडून येणं शक्य नव्हतं. नातेवाइकांपैकी बहुतेकांनी एकच सल्ला दिला : तिला इथेच ठेव, पाच महिने काय, चुटकीसरशी जातील. तिच्या बापाला पाच महिने बाहेर जायचं असतं, तर हा प्रश्न कुणाच्या मनातही आला नसता, हे मला अजून लागून राहिलं आहे.

मग सासूबाई म्हणाल्या, "मी येते बरोबर." घरात सगळे त्यांना माई म्हणतात. महापालिकेच्या शाळेत जन्मभर शिकवलेली बाई, वय ६७, परदेश म्हणून कधी पाहिलेला नाही. पण त्यांना मिळणार होता शेंगेन व्हिसा, म्हणजे १८० दिवसांत ९० दिवसांचा मुक्काम. त्यात उतरण्याचा आणि निघण्याचा दिवसही धरतात. आम्ही १ मार्चला पोचणार, म्हणजे माईंचा शेवटचा दिवस २९ मे. माझं काम २८ जुलैपर्यंत. मधले ६० दिवस उघडे. माईंनी कालनिर्णयवर पेन्सिलीने चौकटी आखल्या आणि ते कॅलेंडर सरळ बॅगेत टाकलं.

कागदपत्रांबद्दल फार लिहीत नाही. लेकीचा अर्ज वेगळा, फी वेगळी, बापाचं संमतिपत्र नोटरी केलेलं. काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मनचे संध्याकाळचे वर्ग करून मी जेमतेम पहिली पायरी गाठली होती. एक गोष्ट मात्र सांगते, कारण तिने मला वाचवलं. तिकडे २०२० पासून पाळणाघरात घालायच्या मुलाला गोवराच्या लशीचा पुरावा लागतो. दोन वर्षांच्या मुलाला दोन डोस झालेले असावे लागतात. आमच्या दादरच्या डॉक्टरांचं कार्ड आम्हालाच वाचता येत नव्हतं, तिथे कुणाला वाचता येणार! निघायच्या आदल्या दिवशी दवाखान्यात तीन तास बसून मी तारखा टाइप करून, सहीशिक्क्यानिशी घेतल्या.

घराचं मात्र मी चुकले. पाच महिन्यांसाठी कुणाचं तरी सामानासकट घर पोटभाड्याने घ्यायचं, एवढं ठरलं होतं. मी फोटोंत स्वयंपाकघर बघत बसले, खिडकीतून झाड दिसतं का ते बघत बसले. विचारायला हवं होतं ते एकच : या पत्त्यावर आमची नोंद करू द्याल का? तिथे राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत महापालिकेकडे पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घर देणाऱ्याची लेखी सही लागते. ही नोंद नसेल तर पुढचं सगळंच अडतं. मला आवडलेल्या तीन घरांपैकी दोन मालकांनी नोंद नाही म्हणून सांगितलं. तिसऱ्याने आधी पैसे पाठवा, किल्ली कुरियरने येईल असं लिहिलं, आणि मी पाठवायलाही निघाले होते. नवऱ्याने लॅपटॉप बंद केला. "प्रभादेवीत न बघता खोली घेतली असतीस का?"

शेवटी जे मिळालं ते तिसऱ्या मजल्यावरचं, लिफ्ट नसलेलं, शंभरेक वर्षांपूर्वीच्या इमारतीतलं. छत इतकं उंच की माई म्हणाल्या, आपल्या चाळीचे दोन मजले बसतील यात. घरमालकाला मूल असल्याचं कळवलं तेव्हा त्याने उलट विचारलं, "पाळणा हवा की छोटी खाट?" त्या एका वाक्यावर मी घर पक्कं केलं.

प्रवासातलं आठवतं ते तूप. दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत, त्यामुळे माईंनी कढवलेल्या साजूक तुपाची बरणी प्रभादेवीतच राहिली. विमानात त्या माझ्याशी धड बोलल्या नाहीत. फ्रँकफुर्टहून पुढे रेल्वेत लहान मुलांच्या कुटुंबांसाठी स्वतंत्र डबी असते, ती आरक्षित केली होती. तिथे लेक जमिनीवर पसरून झोपली आणि माईंनी पहिल्यांदा कौतुकाने मान हलवली. तूप चौथ्या दिवशी सुपरमार्केटात सापडलं, बुटरश्माल्झ नावाचं. माईंनी झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, "आपलंच आहे की."

मार्च-एप्रिल असेच गेले. थंडी, पाडवा, खिडकीतली गुढी, कचऱ्याचे वेगवेगळे डबे, रविवारी बंद दुकानं. एका रविवारी माईंना रेल्वेने देसाऊला नेलं, कारण संस्कृतचा अभ्यासक मॅक्स म्युलर तिथे १८२३ साली जन्मला आणि लाइपझिगच्या विद्यापीठात शिकला. माई त्याला मोक्षमुल्लर म्हणतात. कालनिर्णयवरच्या चौकटी भरत चालल्या होत्या.

उघड्या ६० दिवसांसाठी मी पाळणाघरांना पत्रं लिहीत होते. तेवढ्याशा मुक्कामासाठी जागा कोण देणार? मग संस्थेतल्या सहकारिणीने टागेसमुटरचं सुचवलं. टागेसमुटर म्हणजे परवाना घेऊन आपल्या घरी मुलं सांभाळणारी बाई, एका वेळी पाचपेक्षा जास्त नाही. टाग म्हणजे दिवस, मुटर म्हणजे आई. माईंना अर्थ सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "दिवसाची आई! छान आहे शब्द. पण तिला मराठी येत नाही."

मे महिन्याच्या मध्यावर आम्ही तिच्याकडे गेलो. पन्नाशीची, केस बारीक कापलेली, हसायला जरा वेळ घेणारी बाई. तिने पहिल्यांदा लशीचा कागद मागितला. मग म्हणाली, पहिले तीन दिवस तुम्ही दोघी एक-एक तास या. तुम्ही कोपऱ्यात बसायचं, खेळायचं नाही, तिला माझ्याकडे ढकलायचं नाही. ती तुमच्याकडे आली तर जवळ घ्यायचं, बस. चौथ्या दिवशी तुम्ही तिला सांगून खोलीबाहेर जायचं, जास्तीत जास्त अर्धा तास. ती माझ्याकडून शांत झाली नाही तर मी लगेच बोलावीन.

मला पहिल्यांदा वैताग आला. पाच महिन्यांतले दोन आठवडे यात घालवायचे? मी गटप्रमुखांकडे अर्धे दिवस मागायला गेले तेव्हा मनात सबबींची यादी तयार होती. त्यांनी फक्त विचारलं, "आइनगेव्योनुंग?" म्हणजे रुळवणं. मी हो म्हटलं, त्यांनी मान डोलावली. संपलं.

सोमवार, मंगळवार, बुधवार मी त्या कोपऱ्यात बसले. लेक माझ्या गुडघ्याला चिकटून होती, बुधवारी ती लाकडी गाडीपर्यंत गेली. त्या संध्याकाळी माईंनी सांगितलं, "उद्या तिचं लक्ष नसताना नीघ. मी तुझ्या नवऱ्याच्या वेळी तसंच करायचे. सांगून गेलं की पोर जास्त रडतं." हेच मी दुसऱ्या दिवशी दारात त्या बाईला मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. तिने माझा दंड धरला. नाही, म्हणाली. न सांगता कधीच नाही. ती रडेल, रडू दे, पण तू गेलीस हे तिला माहीत हवं. नाहीतर ती उद्यापासून खेळणार नाही, नुसती तुझ्यावर पहारा ठेवील.

मला आमच्या मुंबईच्या घरातली लेक आठवली. मी अंघोळीला गेले तरी ती बाथरूमच्या दाराशी बसून राहायची. कामावर निघताना मी रोज स्वयंपाकघराच्या दाराने सटकायचे.

"तुमच्या भाषेत 'मी जाते' कसं म्हणतात?" तिने विचारलं. मी म्हटलं, आम्ही 'जाते' म्हणत नाही, ते अशुभ वाटतं. निघताना म्हणतो, 'येते'. म्हणजे परत येते. तिने ते दोन-तीनदा म्हणवून घेतलं. मग एक कागद काढला. त्यावर मी रोमन अक्षरांत शब्द लिहून दिले : पाणी, शू, भूक, दुखतंय, झोप, आजी, आणि सगळ्यांत खाली, आई येते.

गुरुवारी मी लेकीसमोर बसून म्हटलं, "येते हं," आणि बाहेर गेले. जिन्यात उभी होते. ती अशी रडली की वरच्या मजल्यावरचं दार उघडलं. आतून त्या बाईचा आवाज येत होता, "आई येटे, आई येटे." दोनच मिनिटांत तिने मला बोलावलं. मला वाटलं, झालं, फसलं. ती शांतपणे म्हणाली, आज नाही जमलं. आता पुढच्या आठवड्यात. सोमवारी नाही, सुट्टीनंतर मुलं बावरलेली असतात. मंगळवारी.

मंगळवारी लेक रडली आणि गप्पही झाली. मी जिन्यात वीस मिनिटं घड्याळ बघत होते. आत गेले तेव्हा ती त्या बाईच्या मांडीवर बसून केळं खात होती. मला बघून म्हणाली, "आई येटे." तिच्यासारखंच, ट लावून. पुढच्या आठवड्यात ती तिथे जेवली, झोपली.

माईंचं विमान २९ तारखेला. त्यांना पहाटेची गाडी पकडायची होती आणि त्यांनी आधीच ठरवलं होतं, पोर झोपेत असताना निघायचं. मी काही बोलले नाही. पहाटे साडेचारला त्या साडी नेसून, बॅग दाराशी ठेवून बसल्या होत्या. मग उठल्या, आत गेल्या आणि दिवा लावला. लेकीला उठवून मांडीवर घेतलं. "सोनू, आजी विमानाने मुंबईला जाते आहे. आता रोज दिसणार नाही. फोनवर दिसेन. तू आलीस की घरी भेटू." शाळेत समजावतात तशा सावकाश सांगत होत्या. लेक डोळे चोळत ऐकत होती. मग माई म्हणाल्या, "येते हं." लेक रडली. माईही रडल्या, पण जिना उतरताना एकदाही लपवाछपवी केली नाही, कठड्यावरून हात हलवत गेल्या. मी दारात उभी होते आणि माझ्या सासूने आयुष्यभराची सवय एका पहाटेत मोडली हे बघत होते.

ते ६० दिवस नीट गेले. एकदा ताप आला, एकदा ट्राममध्ये बूट हरवला, याहून सांगण्यासारखं काही नाही.

आणि आता हे प्रभादेवीचं फाटक. काल मी पुन्हा गेले आणि मुख्य बाईंना भेटले. म्हटलं, तीन दिवस मला आत कोपऱ्यात बसू द्या, मी कुणाच्या मध्ये येणार नाही. त्या वाईट नाहीत. खोलीत पंचवीस मुलं आणि दोन मावशी, हे मलाही दिसतं. "एका आईला आत घेतलं तर सगळ्यांना घ्यावं लागेल," त्या म्हणाल्या.

"मग घ्या ना," मी म्हटलं.

त्यांनी विचार करून सांगते म्हणून सांगितलं आहे. माई म्हणाल्या, मीही येते, शाळेतली माणसं माझं ऐकतील. आम्ही दोघी मंगळवारी जाणार आहोत. सोमवारी नाही.